ट्रकचालकांसाठी महामार्गावर नेत्रतपासणी व सुरक्षा शिबिर: जागेच्या निवडीपासून पाठपुराव्यापर्यंत

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान सुरू झाले की टोलनाक्यांशेजारी मांडव पडतात, साडेअकराला पाहुणे येतात, चालकांना गुलाबाचे फूल दिले जाते आणि दीडच्या सुमारास मांडव उतरतो. त्या दोन तासांत तपासणीच्या रांगेत उभे राहणारे बरेचसे लोक पंपावरचे कर्मचारी, शेजारच्या गावातले ज्येष्ठ नागरिक किंवा आयोजकांचे कार्यकर्तेच असतात. ज्याच्या नावाने शिबिर भरवले तो चालक त्या वेळी एक तर गाडी चालवत असतो, नाही तर रात्रभर चालवून केबिनमध्ये झोपलेला असतो. वाहतूकदार संघटना, महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे गट आणि गावोगावची मंडळे ही चूक दरवर्षी नव्या उत्साहाने करतात. पुढील क्रम शंभर-सव्वाशे चालकांच्या एक दिवसाच्या शिबिरासाठी आहे. त्यालाच जोडून जवळच्या शाळेत घेण्याच्या एका प्रात्यक्षिकाची माहितीही दिली आहे.

टप्पा १. जागा आणि वेळ (सहा आठवडे आधी)

शिबिराची जागा आयोजकांच्या सोयीने न ठरवता, गाड्या आपोआप थांबतात तिथे ठरवावी. मोठ्या शहरांत अवजड वाहनांना दिवसाच्या ठरावीक वेळांत प्रवेशबंदी असते आणि त्यामुळे शहराच्या हद्दीवर दुपारपासून गाड्या साचू लागतात. कळंबोलीचे पोलाद बाजार, न्हावा शेवा बंदराभोवतीचे वाहनतळ, भिवंडीतील गोदामे, नाशिकजवळचे आडगाव, नागपूरजवळचे वाडी या ठिकाणी चालकाला माल भरण्या-उतरवण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागते. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर काही दिवस अवजड वाहतूक बंद ठेवण्याचे आदेश निघतात. त्या दिवसांत वाटेत अडकलेल्या चालकाकडे वेळच वेळ असतो आणि त्या वेळी शिबिर घेण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. तेल कंपन्यांच्या काही महामार्गावरील पंपांवर ‘अपना घर’ नावाची चालकांसाठीची विश्रामगृहे आहेत, तीही चांगली जागा ठरतात.

जागा मनात ठरली की तिथे दोन वेगवेगळ्या दिवशी जाऊन सकाळी सहा ते रात्री दहा या काळात दर तासाला किती गाड्या उभ्या आहेत आणि किती चालक जागे आहेत, हे वहीत लिहून काढावे. उभ्या गाड्यांची संख्या सकाळी सर्वांत जास्त दिसली तरी त्या वेळी चालक झोपलेले असतात, आणि झोपलेल्या चालकाला उठवून सुरक्षिततेवर बोलणे म्हणजे त्याच्या पुढच्या रात्रीचा धोका वाढवणे होय. बहुतेक ठिकाणी दुपारी तीन ते रात्री आठ हीच वेळ योग्य ठरते: अंधार पडेपर्यंत डोळे तपासता येतात आणि अंधार पडल्यावर परावर्तक पट्ट्यांचे काम करता येते.

चालक मांडवापर्यंत का येत नाही, याचीही कारणे आधीच समजून घ्यावीत. गाडी नजरेआड गेली की डिझेलची टाकी, स्टेपनी आणि ताडपत्रीखालचा माल यांच्या काळजीने त्याचा जीव टांगणीला लागतो, आणि क्लीनर सोबत नसेल तर तो गाडी सोडतच नाही. दुसरे कारण मुदतीचे आहे. साध्या मालाच्या ई-वे बिलाला (माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन दस्तऐवज) दर २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते, त्यामुळे ‘अर्धा दिवस थांबा’ असे त्याला सांगण्यात अर्थ नसतो. म्हणून मांडव उभ्या गाड्यांच्या मधोमध असावा, वाहनतळावर दोन स्वयंसेवक शिट्टी आणि टॉर्च घेऊन फेऱ्या मारत असावेत, आणि एका चालकाचे सगळे काम तीस मिनिटांत संपावे.

*इशारा:* महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर, पुलाच्या उतारावर किंवा टोलनाक्याच्या रांगेत शिबिर कधीही घेऊ नये. धावत्या गाड्या हात दाखवून थांबवणे तर पूर्णपणे वर्ज्य आहे. त्यातून जो अपघात होईल त्याला आयोजकच जबाबदार असतील.

टप्पा २. पत्रव्यवहार (चार आठवडे आधी)

पत्रे जागामालक किंवा बाजार समिती, स्थानिक पोलीस ठाणे, महामार्ग पोलिसांचे जवळचे मदत केंद्र, प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना द्यावीत. जागा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या ताब्यात असल्यास प्रकल्प संचालकांची परवानगी लागते. शासकीय रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकारी मिळावा अशी विनंती जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पत्रातच करावी, कारण त्यांचे दौरे आधीपासून ठरलेले असतात.

परिवहन कार्यालयाच्या पत्रात एक वाक्य विसरू नये: शिबिराच्या दिवशी त्या परिसरात वायुवेग पथकाची (परिवहन विभागाच्या फिरत्या तपासणी पथकाची) तपासणी ठेवू नये. एका शिबिरात मांडवाच्या अलीकडे शंभर पावलांवर तपासणीची गाडी उभी राहिली आणि पुढच्या तासाभरात अख्खा वाहनतळ रिकामा झाला, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यानंतर ध्वनिक्षेपकावरून कितीही बोलावले तरी कोण येणार? गणवेशातील अधिकाऱ्यांनी अवश्य यावे, चालकांशी बोलावे, पण त्यांच्या हातात चलनाचे यंत्र असू नये.

*तपासा:* नोंदणी अर्जात परवाना क्रमांक आणि गाडीचा क्रमांक हे रकाने आहेत का? असल्यास काढून टाकावेत. व्यावसायिक परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. डोळ्यांत दोष आढळल्यास परवाना जाईल या भीतीने चालक तपासणी टाळतो. नाव, वय, मोबाइल क्रमांक आणि पुढचा मुक्काम एवढीच नोंद पुरेशी आहे.

टप्पा ३. माणसे आणि साहित्य (दोन आठवडे आधी)

सर्वांत जास्त फसगत होते ती नेत्रतज्ज्ञांच्या संख्येच्या हिशेबात. चष्म्याचा नंबर नीट काढायला माणशी सात-आठ मिनिटे लागतात, म्हणजे एक नेत्रचिकित्सा अधिकारी पाच तासांत फार तर चाळीस जणांचे नंबर काढू शकतो. सव्वाशे चालकांना थेट त्यांच्यापुढे बसवल्यास रात्री आठ वाजता रांगेत ऐंशीहून अधिक माणसे उरतात. म्हणून पहिली चाळणी प्रशिक्षित स्वयंसेवकांनी तक्त्यावर करावी आणि दोष आढळेल त्यालाच पुढे पाठवावे. तिघांपैकी एक पुढे जाईल असे धरले तरी एका तज्ज्ञाला पुरेसे काम होते, आणि दोन तज्ज्ञ मिळाले तर उत्तमच.

दृष्टी तपासण्याचा तक्ता अक्षरांचा नसावा. रांगेत राजस्थान, उत्तर प्रदेश, पंजाब, तामिळनाडू अशा सर्व ठिकाणचे चालक असतात आणि मराठी अक्षरे ओळखता न येणे म्हणजे दृष्टिदोष नव्हे. ज्यात एकाच चिन्हाची तोंडे वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असतात असा तक्ता आणावा, म्हणजे चालक नुसत्या बोटाने दिशा दाखवू शकतो. तक्त्यापासून सहा मीटर अंतर टेपने मोजून जमिनीवर फक्कीने रेघ मारावी. अंदाजाने पावले मोजू नयेत.

इतर साहित्य: जवळचे वाचण्याचे तयार चष्मे (+१.०० ते +२.५०), दोन रक्तदाबमापक यंत्रे आणि त्यांचा मोठ्या दंडासाठीचा पट्टा, रक्तशर्करेच्या पट्ट्या, वापरलेल्या सुयांसाठी न फुटणारा पांढरा डबा, गाडीवर परावर्तक पट्ट्या लावण्याचे साहित्य, आणि हिंदी नीट बोलणारे किमान चार स्वयंसेवक. स्वयंसेवकांना हाक मारण्याची रीतही शिकवावी लागते. ‘ए ड्रायव्हर’ असे कोणी म्हणू नये. मराठी चालकाला ‘दादा’ किंवा ‘मामा’, हिंदी भाषकाला ‘भाईसाब’, शीख चालकाला ‘पाजी’ म्हणावे.

भेटवस्तूंवर खर्च करू नये. टी-शर्ट आणि टोप्या वाटल्या की रांग वाढते, पण ती चालकांची नसते.

टप्पा ४. टेबलांचा क्रम (शिबिराच्या दिवशी)

१. नोंदणी. इथेच शेवटचे जेवण कधी केले आणि गेल्या चोवीस तासांत किती तास झोप झाली, हे विचारून कार्डावर लिहावे.

२. पाच मिनिटे खुर्चीवर विश्रांती आणि मग रक्तदाब. बहुतेक शिबिरांत पाहुणचार म्हणून आधी चहा दिला जातो आणि तिथेच क्रम चुकतो, कारण चहा, विडी किंवा मळलेली तंबाखू यानंतर अर्ध्या तासाच्या आत घेतलेला रक्तदाब विश्वासार्ह नसतो. चालकाला मोकळेपणाने विचारावे, आणि नुकतीच तंबाखू खाल्ली असेल तर त्याला आधी डोळ्यांच्या टेबलावर पाठवावे. चहा सर्वांत शेवटी द्यावा.

३. रक्तशर्करा. जेवणानंतर किती वेळाने तपासले, हे आकड्याशेजारी लिहिल्याशिवाय त्या आकड्याचा उपयोग नसतो. कोणत्याही वेळी २०० किंवा त्याहून अधिक आकडा आल्यास त्याला डॉक्टरकडे पाठवावे. मात्र ‘तुम्हाला मधुमेह झाला’ असे स्वयंसेवकाने कधीही म्हणू नये.

४. दूरची दृष्टी, प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे. दुसरा डोळा तळहाताने दाबू देऊ नये, कारण नंतर तो काही वेळ धूसर दिसतो, पुठ्ठ्याने झाकावा. ६/१२ची ओळ नीट न दिसणाऱ्यास तज्ज्ञाकडे पाठवावे.

५. जवळची दृष्टी, मुख्यतः चाळिशीनंतरच्या चालकांची.

६. डॉक्टरांशी बोलणे. झोप, घोरणे, दिवसा पेंग येणे यांची विचारपूस इथे व्हावी. मोठ्याने घोरणाऱ्या आणि सिग्नलवर उभे असतानाही डुलकी लागणाऱ्या चालकाला झोपेत श्वास अडकण्याचा विकार असू शकतो, आणि ही शंका चष्म्याइतकीच महत्त्वाची आहे.

*इशारा १:* वाचनाचा तयार चष्मा फक्त जवळच्या कामासाठी असतो, तो घालून गाडी चालवल्यास दूरचे धूसर दिसते. ‘गाडी चालवताना काढा’ हे वाक्य चष्म्याच्या डबीवर चिकटवावे आणि चालकाकडून एकदा वदवून घ्यावे. फुकट चष्मा मिळाला म्हणून तो घालून स्टिअरिंगवर बसणारे चालक मी पाहिले आहेत, आणि त्यात दोष चष्मे वाटणाऱ्याचाच होता.

*इशारा २:* रक्तदाब १८०/१२० किंवा त्याहून अधिक आल्यास पाच मिनिटांनी पुन्हा मोजावा आणि चालकाला डॉक्टरांनी पाहेपर्यंत गाडीकडे जाऊ देऊ नये. छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही असल्यास लगेच १०८ला फोन करावा. आकडे मोठ्याने सांगू नयेत, कारण रांगेत शेजारी त्याच मालकाचा दुसरा चालक उभा असतो.

टप्पा ५. वीस मिनिटांचे बोलणे

भाषण नको. दहा-बारा चालक जमले की एका जाणत्या चालकाने किंवा मोटार वाहन निरीक्षकाने वीस मिनिटे बोलावे आणि पुढच्या गटाशी पुन्हा तेच बोलावे. विषय चारच ठेवावेत.

पहिला विषय उताराचा. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार असो किंवा खंबाटकी घाट, डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय अजून गेलेली नाही. ‘न्यूट्रल करू नका’ एवढेच म्हटल्याने चालक ऐकत नाही. कारण सांगावे लागते. गिअरमध्ये नसलेल्या गाडीला इंजिनाचा अटकाव मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि तापलेले लायनर पकडत नाहीत. त्यात इंजिन बंद केले असेल तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि दर दाबासरशी टाकीतली हवा कमी होत जाते. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम इथे पुन्हा सांगावा.

दुसरा विषय बंद पडलेल्या गाडीचा. मागे दगड मांडणे आणि झाडाची फांदी खोचणे ही आपल्याकडची पद्धत आहे, आणि गाडी निघून गेल्यावर ते दगड तिथेच राहतात. रात्री दुचाकीस्वार त्यांवरच पडतो. परावर्तक त्रिकोण गाडीपासून पुरेसा मागे ठेवावा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा आणि निघताना तो उचलून घ्यावा. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठीचा १०३३ हा क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे साठवून द्यावा.

तिसरा विषय झोपेचा. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ४४ मीटर जाते. हे अंतर वाहनतळावर दोरी ताणून दाखवावे, कारण आकडा ऐकून कोणाला काही वाटत नाही आणि दोरी पाहून सगळे गप्प होतात. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ मध्ये (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस ठरवलेले होते, हेही सांगावे. मात्र त्यावर चालक हसतील, याची तयारी ठेवावी. ही सूचना खरे तर मालकांसाठी आहे, म्हणून वाहतूकदारांना या सत्रात मागे बसवावे.

चौथा विषय अपघातानंतरचा. इथे चालक हमखास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२)चा, म्हणजे जीवघेण्या अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास होणाऱ्या वाढीव शिक्षेचा प्रश्न काढतात, ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी गाड्या थांबवल्या होत्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली ती हे उपकलम वगळून, एवढे थोडक्यात सांगून मूळ मुद्द्यावर यावे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, मात्र जमावाच्या रोषामुळे ते अशक्य असल्यास तसा अपवाद त्याच कलमात आहे. अशा वेळी ११२ला कळवावे आणि जवळचे पोलीस ठाणे गाठावे. दुसऱ्याच्या अपघातात मदत करणाऱ्याला कलम १३४अ चे संरक्षण आहे. अपघातग्रस्तांवर सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आहे, हेही चालकांना माहीत नसते.

टप्पा ६. परावर्तक पट्ट्या (सूर्यास्तानंतर)

पट्ट्या चालकाच्या हातात देऊन त्याला पाठवू नये. त्या केबिनमध्ये पडून राहतात किंवा देव्हाऱ्याभोवती लागतात. स्वयंसेवकांनी स्वतः गाडीवर लावून द्याव्यात, आणि त्यासाठी हिशेब आधी करावा: मागची बाजू आणि दोन्ही कडा धरून एका मोठ्या ट्रकला साधारण १८ ते २० मीटर पट्टी लागते, म्हणजे ५० मीटरच्या रोलमध्ये जेमतेम अडीच गाड्या होतात. पैसे कमी असल्यास सर्व गाड्यांना थोडी-थोडी पट्टी लावण्यापेक्षा आधी सर्वांच्या मागच्या बाजू पूर्ण कराव्यात.

रंग ठरलेले आहेत: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. खरेदी करताना एआयएस-०९० मानकाची पट्टी मागावी. ‘रेडियम’ या नावाने मिळणारी सजावटीची पट्टी दिवसा जास्त चमकते, पण रात्री लांबून दिसत नाही.

लावण्याचा क्रम असा: चिखल आणि ग्रीस कापडाने पुसावे, जागा कोरडी करावी, सुटलेला रंग आणि गंज खरवडावा, पट्टी मधून बाहेरच्या दिशेला दाबत न्यावी आणि टोके गोलसर कापावीत, म्हणजे ती उचकटत नाहीत. ओल्या पत्र्यावर, ताडपत्रीवर आणि खडबडीत लाकडी फळीवर पट्टी टिकत नाही. फाळका (हौद्याची उघडणारी बाजू) लाकडी असेल तर पत्र्याच्या पट्टीवर चिकटवून ती स्क्रूने बसवावी. उसाच्या हंगामात कारखान्याच्या आवारात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर हेच काम करताना बाहेर आलेल्या उसाने पट्टी झाकली जाते, म्हणून तिथे ती चौकटीच्या खालच्या कडेला लावावी.

*तपासा:* गाडीपासून तीस पावले मागे जाऊन टॉर्च डोळ्याजवळ, कानशिलाला टेकवून धरावा. पट्टी प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते, त्यामुळे कमरेजवळ धरलेल्या टॉर्चने ती मंद दिसते आणि चांगली पट्टीही वाईट ठरते. नंबरप्लेट आणि मागचे दिवे पट्टीने झाकले गेलेले नाहीत, हेही त्याच वेळी पाहावे.

टप्पा ७. शाळेतील प्रात्यक्षिक (वेगळ्या दिवशी, सकाळी)

महामार्गालगतच्या शाळेच्या मैदानावर एक ट्रक उभा करावा, चाव्या शिक्षकांच्या ताब्यात द्याव्यात, हँडब्रेक लावून चाकांमागे-पुढे लाकडी ठोकळे ठेवावेत आणि मगच मुलांना जवळ येऊ द्यावे. एका शिक्षकाला चालकाच्या जागेवर बसवून दहा मुले क्लीनर साइडला चाकाजवळ उभी करावीत आणि ‘किती दिसतात?’ असे विचारावे. उत्तर ऐकल्यावर वेगळे व्याख्यान लागत नाही. मग मुलांनीच चालकाला न दिसणारी जागा फक्कीने आखावी: डावीकडची सर्वांत मोठी, समोर बंपरलगतची आणि पूर्ण मागची. मुलांना चालकाच्या जागेवर बसवायचे असल्यास एका वेळी एकच, आणि इंजिन बंदच.

दुचाकीवरून शाळेत सोडायला येणाऱ्या पालकांना त्याच दिवशी बोलावावे, कारण ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसणारे तेच असतात.

टप्पा ८. पाठपुरावा (पुढचे दीड महिने)

ज्यांचे चष्मे बनवून द्यायचे आहेत ते चालक दुसऱ्या दिवशी सहाशे किलोमीटर दूर असतात, आणि ‘आठ दिवसांनी येऊन घेऊन जा’ या सूचनेमुळे चष्म्यांची खोकी आयोजकांच्या कपाटात पडून राहतात. म्हणून कार्डावर लिहून घेतलेल्या पुढच्या मुक्कामाच्या ट्रान्सपोर्ट कार्यालयाच्या पत्त्यावर चष्मा पाठवावा. नाव, मोबाइल क्रमांक आणि चष्म्याचा नंबर डबीवर लिहावा. चालकाचा ठरलेला मुक्काम नसेल तर मालकाच्या कार्यालयाचा पत्ता घ्यावा, पण आरोग्याची इतर कोणतीही माहिती त्या पाकिटात ठेवू नये. मोतीबिंदू, वाढलेला रक्तदाब किंवा शर्करा असलेल्यांची वेगळी यादी करून पंधरा दिवसांनी फोन करावा. फोन दुपारी जेवणाच्या वेळी करावा आणि पहिला प्रश्न ‘गाडी चालवताय का?’ हाच असावा. उत्तर हो असेल तर फोन ठेवून नंतर करावा.

अहवालात हजेरीचा आकडा आणि पाहुण्यांची नावे यांपेक्षा किती चष्मे प्रत्यक्ष हातात पोहोचले, किती गाड्यांच्या मागच्या बाजू पूर्ण झाल्या आणि किती जण डॉक्टरकडे गेले, हे तीन आकडे वर लिहावेत. न पोहोचलेले चष्मे किती आणि ते कोणत्या पत्त्यावरून परत आले, हेही त्याखाली नोंदवावे. पुढच्या वर्षी नोंदणीच्या टेबलावर काय वेगळे विचारायचे ते त्या यादीवरूनच ठरते.